चौरंगावर मावणारी दुर्बीण: स्काय-वॉचर हेरिटेज १३०पी

दुर्बीण घ्यायला गेलं की आधी वर्धनाचा आकडा ऐकू येतो. खोक्यावरसुद्धा तोच मोठ्या अक्षरांत छापलेला असतो, ‘५२५ पट’. त्याकडे बघूच नका. आरसा किंवा भिंग किती मिलिमीटरचं आहे आणि हात लावल्यावर बैठक, म्हणजे दुर्बीण ज्यावर बसवतात तो आधार, किती वेळ थरथरते, एवढं विचारा. गच्चीवरून किंवा शनिवार-रविवारी शहराबाहेर जाऊन हौसेने आकाश बघणाऱ्यासाठी या दोन कसोट्यांवर हेरिटेज १३०पी फ्लेक्सट्यूब उतरते.

आरसा १३० मिमीचा आणि अन्वस्त (पॅराबोलिक) आकाराचा, नाभीय अंतर (फोकल लेंग्थ) ६५० मिमी, बैठकीसकट वजन सुमारे सहा किलो. नळीचा वरचा भाग दोन दांड्यांवर सरकून खाली बसतो, त्यामुळे मिटवलेली दुर्बीण मोठ्या सॅकमध्ये जाते. आकाश बघायला वांगणीला लोकलने जायचं असेल तर मांडीवर घेऊन बसता येतं. बाजारात मिळणाऱ्या ७० मिमी भिंगाच्या दुर्बिणीपेक्षा प्रकाश गोळा करणारं क्षेत्रफळ जवळजवळ साडेतीन पट. शिवाय त्या दुर्बिणींचे ॲल्युमिनियमचे बारीक पाय फोकस करताना थरथरतात, इथे तो त्रास नाही. आणखी एक सापळा टाळा: नळी जेमतेम अर्धा मीटर आणि वर ‘११४/१०००’ लिहिलेलं, म्हणजे आरसा ११४ मिमी आणि नाभीय अंतर १००० मिमी. अशा दुर्बिणीत बहुधा गोलीय आरसा असतो आणि नाभीय अंतर वाढवायला फोकसरच्या, म्हणजे फोकस साधायच्या भागाच्या, नळीत एक भिंग बसवलेलं असतं. तिथे आरसे जुळवणं नवशिक्यालाच काय, जाणत्यालाही जड जातं.

आता उणिवा. फोकसर आट्यांचा आहे, बाटलीच्या झाकणासारखा फिरवायचा. आटे सैल असतात, जड नेत्रिका (डोळा लावायचं भिंग, आयपीस) लावली की हलतात आणि तारा बाजूला सरकतो. उपाय नळ जोडताना वापरतात त्या पांढऱ्या टेफ्लॉन टेपचा: आट्यांवर दोन-तीन वेढे, ताणून, आट्यांच्या दिशेनेच. उलटे गुंडाळले तर पहिल्या फिरवणीतच टेप गोळा होते.

दुसरं, नळी मधे उघडी. रस्त्यावरचा दिवा आत शिरतो आणि चित्र फिकं पडतं, श्वासाची वाफही जाते. स्टेशनरीच्या दुकानातला काळा फोम शीट किंवा जाड काळा कार्डपेपर घ्या, नळीच्या परिघापेक्षा पाच सेंटिमीटर जास्त लांब कापा आणि गुंडाळून वेल्क्रो लावा. मुख्य आरशावर काही पडण्याची भीतीही त्याने जाते.

तिसरं कॉलिमेशन, म्हणजे दोन्ही आरसे एका रेषेत आणणं. मिटवून-उघडून, प्रवासात धक्के खाऊन ते बिघडतंच. आधी दोन्ही दांड्या शेवटपर्यंत ओढून घट्ट करा. थोडी कमी उघडली तर फोकसच लागत नाही. एखादा ठळक तारा जास्त वर्धनाखाली मध्यभागी आणून किंचित फोकसबाहेर न्या. वर्तुळं एकात एक नीट बसलेली दिसली तर हात लावू नका. काळा ठिपका एका बाजूला गेला असेल तर आधी दुय्यम आरसा, म्हणजे वरचा छोटा तिरका आरसा: फोकसरमधून मुख्य आरशाच्या तिन्ही क्लिपा दिसेपर्यंत तीन स्क्रू थोडे थोडे फिरवा. या वेळी नळी आडवी ठेवा, उभी असेल तर निसटलेला पाना सरळ आरशावर पडतो. मग मागचे लॉक-स्क्रू सैल करून मुख्य आरसा.

बैठक टेबलावर ठेवायची आहे, आणि इथेच बरेचजण चुकतात. प्लॅस्टिकचं स्टूल वाकतं, खुर्ची डुगडुगते. घरातला लाकडी चौरंग आणि खाली चटई घ्या. मांडी घालून बसलं की डोळा बरोबर नेत्रिकेच्या उंचीला येतो. गच्चीचा कठडा आड येत असेल तेव्हा मात्र पाण्याच्या टाकीचा कट्टा बघावा.

सोबतची २५ मिमी नेत्रिका चांगली आहे, २६ पट वर्धनात अख्ख्या कृत्तिका मावतात. १० मिमीची सुमार आहे, तिच्यावरून दुर्बिणीची परीक्षा करू नका. ६६ अंश दृश्यक्षेत्राची (नेत्रिकेत दिसणाऱ्या वर्तुळाची रुंदी) ६ मिमी नेत्रिका वेगळी घ्या. १०८ पट वर्धनात गुरूचे दोन पट्टे, शनीची कडी, मृगातल्या तेजोमेघातले चार तारे स्पष्ट येतात. शनीची कडी मार्च २०२५ मध्ये कडेवर आली होती, तिथून हळूहळू उघडत आहे. ग्रहामागे दुर्बीण फिरवणारी मोटर नाही, त्यामुळे या वर्धनात ग्रह सुमारे अडीच मिनिटांत दृश्यक्षेत्राच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातो. हाताने ढकलत राहायचं. तेजोमेघ राखाडीच दिसतात, फोटोतले रंग शोधू नका. मुंबई-पुण्याच्या प्रकाशात देवयानी दीर्घिका म्हणजे एक पुसट डाग. एप्रिल-मे महिन्यांत दक्षिणेचं क्षितिज मोकळं आणि काळोखं मिळालं तर नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी हा प्रचंड तारकागुच्छ जरूर बघा. इथून तो क्षितिजापासून २३ अंशांच्या आसपास वर येतो. युरोपातल्या बहुतेकांना तो दिसतच नाही.

सूर्याकडे मात्र दुर्बीण, नळीच्या तोंडावर सौर फिल्टर घट्ट बसवल्याशिवाय कधीही वळवू नका, क्षणभरसुद्धा नाही.

चंद्राचे फोटो मोबाइल नेत्रिकेला लावून छान येतात, पण कॅमेऱ्याचं वजन हा फोकसर पेलत नाही. फोटोग्राफी हाच हेतू असेल तर ही घेऊ नका. गडावर चढायचं असेल तर १०×५० ची द्विनेत्री बरी.

पावसाळ्यात नेत्रिका हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, नाहीतर भिंगांवर बुरशीचे धागे पसरतात. दुर्बीण प्लॅस्टिकमध्ये बांधून माळ्यावर टाकू नका, ओल आतच कोंडते. आरशावर धूळ दिसली म्हणून फडका फिरवाल तर ॲल्युमिनियमच्या लेपावर ओरखडे येतील. थोड्या धुळीने दृश्यात काही फरक पडत नाही. लाल ठिपक्याच्या शोधकाचा (दुर्बिणीचा नेम धरायचं छोटं साधन) सीआर२०३२ सेल काढून ठेवायला विसरू नका, आणि ऑक्टोबरात आकाश मोकळं झालं की दुर्बीण अर्धा तास आधी गच्चीवर नेऊन ठेवा, म्हणजे आरसा बाहेरच्या हवेइतका निवतो.