सीसीआर७ कोणत्या रंगात पाहावा: पीई-साय७ की बीव्ही४२१?

फ्लो सायटोमेट्रीत, म्हणजे पेशींना चमकणाऱ्या रंगांची प्रतिपिंडे चिकटवून त्या लेझरखाली मोजण्याच्या पद्धतीत, टी-पेशींच्या पॅनलमध्ये (एकत्र घालायच्या प्रतिपिंडांच्या संचात) सीसीआर७ या पेशीपृष्ठावरील रिसेप्टरच्या प्रतिपिंडाला कोणता रंग जोडलेला घ्यावा, असे गेल्या काही महिन्यांत ठाण्यातील आणि नवी मुंबईतील दोन-तीन सहकाऱ्यांनी मला विचारले. खारघरमधील आमच्या प्रयोगशाळेत मी आधी पीई-साय७ आणि त्यानंतर बीव्ही४२१ (ब्रिलियंट व्हायोलेट ४२१) असे दोन्ही पर्याय बराच काळ वापरले आहेत. दोन्ही वेळा क्लोन, म्हणजे प्रतिपिंडाचा नेमका वाण, जी०४३एच७ हाच होता, त्यामुळे पुढे जो फरक सांगतो आहे तो मुख्यतः रंगाचा आहे, असे मी मानतो. आमचे यंत्र ४०५, ४८८ आणि ६४० नॅनोमीटरच्या तीन लेझरांचे आहे. ज्यांच्याकडे ५६१ चा पिवळा-हिरवा लेझर आहे, त्यांच्याकडे पीई (फायकोएरिथ्रिन) आणि पीई-साय७ हे दोन्ही आमच्यापेक्षा अधिक तेजस्वी दिसतील, हे आधीच नमूद करतो.

सीसीआर७ आणि सीडी४५आरए या पेशीपृष्ठावरील खुणांच्या जोडीवरून नवख्या पेशी, मध्यवर्ती स्मृतिपेशी आणि परिणामक स्मृतिपेशी वेगळ्या करण्याची पद्धत सॅलुस्टो, लान्झावेक्किया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये मांडली आणि आजही आपण सगळे तीच वापरतो. अडचण अशी की सीडी४ चे जसे दोन स्वच्छ, सुटे उंचवटे दिसतात, तसे सीसीआर७ चे सहसा दिसत नाहीत. तेथे एक लांब उतार असतो आणि गेटची, म्हणजे धन आणि ऋण पेशी वेगळ्या करणारी, रेषा त्या उतारावर कोठे तरी ओढावी लागते. सीसीआर७ सारखे केमोकाइन रिसेप्टर पेशीच्या पृष्ठभागावरून आत ओढले जातात आणि पुन्हा वर येतात, म्हणून त्यांचे स्टेनिंग आम्ही सर्वांत आधी, ३७ अंशांवर १५ मिनिटे करतो आणि बाकीची प्रतिपिंडे त्यानंतर घालतो. सूचनापत्रकातील ‘खोलीचे तापमान’ हा शब्द आमच्याकडे फारसा उपयोगाचा नाही, कारण वातानुकूलित खोली आणि बाहेरचा व्हरांडा यांत मे महिन्यात दहा-बारा अंशांचा फरक सहज पडतो.

शुद्ध पीई हा तिसरा पर्याय खरे तर सर्वांत सोपा आहे, आणि ज्यांचे पॅनल चार-पाच रंगांचे आहे त्यांनी सीसीआर७ साठी तोच घ्यावा. आम्हाला तो घेता आला नाही, कारण सीएक्ससीआर३ हा त्याहूनही मंद रिसेप्टर आम्हाला त्याच नळीत पाहायचा होता आणि पीई त्याच्यासाठी राखून ठेवणे भाग होते.

पीई-साय७ विषयी मी प्रथम चांगलेच सांगेन. सीसीआर७ चा उतार त्यात समाधानकारक रुंद दिसत असे, व्हायोलेट लेझर मृत पेशी ओळखणाऱ्या रंगासाठी मोकळा राहत असे, आणि या जोडणीची कुपी आम्हाला त्या मानाने लवकर मिळत असे. साय७ सारखे सायनीन असलेले टॅन्डम (दोन रंग जोडून केलेले रंग) मोनोसाइट्सना विनाकारण चिकटतात, ही त्याची जुनी खोड. पण सीडी३ या टी-पेशींच्या खुणेच्या गेटमध्येच काम करणाऱ्याला तिचा फारसा त्रास होत नाही. पहिले चार-पाच महिने माझी काहीही तक्रार नव्हती.

तक्रार सुरू झाली ती आमच्या कामाच्या वेळापत्रकातून. आमचे बहुतेक नमुने ठाण्याहून येतात आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावरून, विशेषतः पावसाळ्यात महापेच्या आसपास वाहने खोळंबली की, ते दुपारी चारनंतरच हाती पडतात. पेशी वेगळ्या करून स्टेनिंग संपेपर्यंत संध्याकाळ उलटून जाते, यंत्र अनेक गटांत मिळून वापरले जात असल्यामुळे त्याची वेळ दुसऱ्या दिवशी सकाळची असते, आणि म्हणून पेशी पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये स्थिर करून रात्रभर शीतकपाटात ठेवण्यावाचून आमच्यापुढे दुसरा मार्ग नसतो. टॅन्डम रंगात पीई प्रकाश शोषतो आणि ती ऊर्जा शेजारच्या साय७ कडे सोपवतो. हे हस्तांतरण नीट होत असेल तरच प्रकाश ७८० नॅनोमीटरच्या आसपास बाहेर पडतो. उजेड, उष्णता आणि फॉर्मल्डिहाइड यांनी ही जोडी खिळखिळी झाली की पीई आपल्या स्वतःच्या, म्हणजे ५७८ नॅनोमीटरच्या जवळच्या, रंगात चमकू लागतो. आमच्या पॅनलमध्ये त्याच जागी सीएक्ससीआर३ बसलेला होता.

एका सकाळी सीडी४ च्या नवख्या पेशींमध्ये सीएक्ससीआर३ चांगलाच धन दिसला. नवख्या सीडी४ पेशींत तो इतका असण्याचे कारण नव्हते, तरीही निष्कर्ष आकर्षक होता आणि आम्ही दोन दिवस त्यावर गंभीरपणे चर्चा केली. मला शंका आली ती आलेखाच्या आकारावरून: सीसीआर७ जितका जास्त, तितकाच सीएक्ससीआर३ जास्त, आणि सगळ्या पेशी एका तिरप्या रेषेवर ओळीने मांडल्यासारख्या. मग सीएक्ससीआर३ चे प्रतिपिंड वगळून बाकी सर्व घातलेली एफएमओ नळी त्याच प्रकारे रात्रभर ठेवून पाहिली, तर पीईच्या खिडकीत, म्हणजे पीईचा प्रकाश मोजणाऱ्या मार्गात, तोच संकेत जवळजवळ तितकाच हजर होता. कॉम्पेन्सेशनचे, म्हणजे एका रंगाची दुसऱ्याच्या खिडकीतील गळती वजा करण्यासाठीचे, मणी आम्ही त्याच सकाळी ताजे रंगवत होतो आणि ते रात्रभर फॉर्मल्डिहाइडमध्ये राहिलेले नव्हते, म्हणून त्यांनी ही गळती आम्हाला कधीच दाखवली नाही. नियंत्रण नमुन्यांना मुख्य नमुन्यासारखीच वागणूक द्यावी, हे आपण सर्व जाणतो. पण रात्रभराची स्थिरीकरणाची वेळ हीदेखील त्या वागणुकीचाच भाग आहे, हे माझ्या लक्षात यायला ती एफएमओ नळी लागली.

त्यानंतर मणी रात्रभर ठेवून पाहिले आणि बराच सुधार झाला, हे मान्य करायला हवे. तरीही पेशींवर टॅन्डम जितका तुटतो तितकाच तो मण्यांवर तुटेल याची खात्री नसते, शिवाय प्रत्येक नव्या लॉटबरोबर गळतीचे प्रमाण बदलते. दर वेळी मनात एक किंतु राहायचा, आणि ज्या आकड्यांवर पुढे एखाद्याचा प्रबंध उभा राहणार आहे, त्या आकड्यांविषयी असा किंतु मला नको होता.

बीव्ही४२१ हा टॅन्डम नाही, आणि माझ्या दृष्टीने त्याच्या बाजूने हे एकच कारण पुरेसे आहे. तुटून दुसऱ्याच्या खिडकीत सांडायला त्याच्यात दुसरा भाग नाही. तो प्रकाश गोळा करणाऱ्या बहुवारिकांच्या (पॉलिमरच्या) कुळातील आहे. ज्या संवाहक बहुवारिकांसाठी २००० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांना मिळाले, त्याच संशोधनाच्या ओघातून हे रंग आले, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते. आमच्या हातात सीसीआर७ त्यात पीई-साय७ पेक्षा थोडा अधिक सुटा दिसतो, आणि संध्याकाळचा नमुना दुसऱ्या सकाळी पाहिला तरी उताराचा आकार मला डोळ्यांना वेगळा जाणवलेला नाही. मी याचे काटेकोर मोजमाप केलेले नाही, एवढे सांगणे योग्य होईल.

त्याचीही किंमत मोजावी लागते. मृत पेशींचा व्हायोलेट रंग आम्हाला सोडावा लागला आणि लाल लेझरवरील निअर-इन्फ्रारेड रंगाकडे जावे लागले. नळीत ब्रिलियंट कुळातील दोन किंवा अधिक रंग असतील तर ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून वेगळे स्टेन बफर घालावे लागते. आमचा सीडी४ बीव्ही५१० मध्ये असल्याने ते आम्हाला टाळता येत नाही. बीव्ही६०५ आणि बीव्ही७८६ हे मात्र बीव्ही४२१ च्याच पायावर उभारलेले टॅन्डम आहेत; ते त्याच नळीत घेतले, तर ज्या दुखण्यातून आपण सुटलो तेच व्हायोलेटच्या बाजूने परत येऊ शकते. कुपी महाग आहे आणि आमच्याकडे ती यायला दोनदा दीड महिना लागला. पण टायट्रेशन केल्यावर, म्हणजे प्रतिपिंडाची पुरेशी मात्रा तपासल्यावर, शिफारस केलेल्या ५ मायक्रोलिटरऐवजी अडीचमध्ये आमचे काम भागले, त्यामुळे प्रत्येक नमुन्यामागचा खर्च पूर्वीच्या जवळपासच आला.

ठाण्यातील माझे एक सहकारी पीई-साय७ वर पूर्ण समाधानी आहेत. त्यांचे यंत्र त्यांच्याच मजल्यावर आहे, नमुना खाली तळमजल्यावरून येतो आणि पेशी स्थिर न करता त्याच संध्याकाळी यंत्रावर जातात. त्यांच्या जागी मी असतो तर कदाचित मीही बदल केला नसता. आपले नमुने रात्रभर थांबत असतील, आणि पीईच्या खिडकीत सीएक्ससीआर३ किंवा तसाच मंद रिसेप्टर असेल, तर मात्र मोठी कुपी मागवण्यापूर्वी बीव्ही४२१ ची छोटी कुपी आणून एकाच दात्याचे रक्त दोन्ही रंगांत, त्याच संध्याकाळी आणि दुसऱ्या सकाळी, एफएमओसह पाहावे. आम्ही हा प्रयोग केला त्या सकाळनंतर पीई-साय७ ची नवी मागणी नोंदवलेली नाही.