घोडबंदरचं चलान आणि माझे ४८,६५० रुपये

पाचशे रुपयांच्या चलानापायी माझे ४८,६५० रुपये गेले. हसायचं त्यांनी हसून घ्या, सोसायटीतले हसून झालेत.

रात्री नऊला मेसेज: घोडबंदर रोडला सिग्नल तोडलात, आज ५०० भरा, उद्या दुप्पट. मी रोज कासारवडवलीहून जातो. मेट्रोच्या खांबांमधून गाडी काढताना सिग्नल सुटला नसेल असं छातीठोक कोण सांगेल? लिंकच्या सुरुवातीला 'परिवहन' या सरकारी साइटचं नाव, गव्ह डॉट इन, सगळं होतं. पुढे ईमेलमध्ये असतं ते ॲटचं चिन्ह. त्याच्या आधीचं सगळं ब्राउझर नुसतं युजरनेम धरतो आणि जातो चिन्हापुढच्या पत्त्यावर. हे आता कळतंय.

भाचा म्हणतो, "मामा, वरचा पत्ता तरी बघायचा!" अरे, बघितला होता! गव्ह डॉट इनच होतं. पण ती ब्राउझरची पत्त्याची पट्टी नव्हती, पानात काढलेलं चित्र होतं. मोबाइलवर खाली स्क्रोल केलं की खरी पट्टी लपते, तिथे हे चोर आपली चिकटवतात. २०१९ मध्येच एका डेव्हलपरने क्रोमवर हे करून दाखवलं होतं. त्या पट्टीत उघड्या टॅबचा आकडा होता ५. माझा टॅब एकच. तो पाच मला दिसला, आणि मनात म्हटलं, पोरीने उघडले असतील. तिथेच थांबायला हवं होतं. अजून झोपताना तो पाच दिसतो.

कार्डाची माहिती भरल्यावर आलेल्या ओटीपीच्या मेसेजात २४,९९९ लिहिलेले. मी नोटिफिकेशनमधले सहा आकडे तेवढे वाचले. तुम्ही मेसेज उघडून रक्कम वाचा.

९:१४ ला पैसे गेले, ९:१९ ला बँकेला फोन. एक दाबा, चार दाबा, मग संगीत. ते ऐकत असतानाच ९:३७ ला परदेशी साइटवर, ओटीपी न मागता, आणखी २३,६५१. (आंतरराष्ट्रीय वापर बंद ठेवा. माझा पोरीच्या कोर्सपासून चालूच होता. आणि ॲपमधून कार्ड ब्लॉक करा, फोन धरून बसू नका.) रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक आहे, कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं. शाखेतल्या बाई म्हणाल्या, "काका, आमच्याकडे तक्रार ९:४६ ला नोंदलीय." मग मधली सत्तावीस मिनिटं मी काय भजन ऐकत होतो?

पोलीस ठाण्यात विचारलं, "कुठल्या हद्दीत झालं?" मोबाइलमध्ये, साहेब. "ऑनलाइन केलीय ना तक्रार? मग इथे कशाला आलात?"

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, म्हणजे १९३० या नंबरला, तिथल्या तिथे फोन करा, मी सकाळी केला. चलान बघायचं तर परिवहनचा पत्ता स्वतः टाइप करा.

काल बँकेचा मेसेज आला: आपली तक्रार निकाली काढली आहे, आमची सेवा कशी वाटली हे कळवण्यासाठी खालील लिंकवर क्लिक करा.