लांब दांड्याची तण-उपटणी: हरळी सोडून बोला

न वाकता तण काढायचं हे साधन. लांब दांडा, खाली चार पोलादी नखं, पाय ठेवायला आडवी पट्टी. पायाने दाबायचं, दांडा मागे कलवायचा आणि तण वर. सोटमुळाच्या तणाला पाचपैकी पाच गुण. ओल्या मातीतून मूळ शेंड्यापर्यंत अख्खं निघतं आणि कंबरेला तोशीस नाही.

पण खोक्यावर ‘सर्व तणांसाठी’ असं छापून शेजारी चित्र हरळीचं टाकलंय. माझं भांडण तिथे आहे.

हरळीचा जो फुटवा आपण पकडतो, ते स्वतंत्र रोप नसतंच मुळी. वर धावती खोडं, खाली काशा (म्हणजे जमिनीतली आडवी खोडं), आणि पेरापेरावर डोळा. नखं मधलाच फुटवा नेमका धरतात, ओढलं की काशी दोन्ही बाजूंनी तुटते आणि दोन्ही टोकं जमिनीत शाबूत. शेंड्याचा कोंब वाढत असतो तोवर मागचे डोळे बरेचसे दबून राहतात. काशीचे तुकडे झाले की तो दाब सुटतो. म्हणजे एक फुटवा उपटायचा आणि चार उगवायची सोय करून ठेवायची!

नखांत अडकलेला करंगळीएवढा तुकडा मी सोलून पाहिला. वर तपकिरी पापुद्रा, आत पांढरं, टणक कांडं, पेराशी टोकदार डोळा. ओल्या कागदात गुंडाळून ठेवला, तर त्या डोळ्यातून कोंब आला आणि पेरातून मुळंही. कांड्यातला साठा तेवढ्याला पुरतो.

आणि जोडलेलं असताना तर साठ्याचीही गरज नाही. फरशीवरून गेलेल्या एका खोडाने फटीत फुटवा धरला होता. फटीत नुसती धूळ, तरी पानं तजेलदार. मधलं कांडं कात्रीने कापलं. दुपारपर्यंत फटीतली पानं गुंडाळली, मातीतल्या गड्ड्याला ढिम्म फरक नाही. पाणी आणि नत्र त्या खोडातून येत होतं. सावलीतल्या फुटव्याला उन्हातल्याकडून साखरही अशीच पोचते. यात परोपकार वगैरे काही नाही. पानांतून बाष्प उडतं तिकडे पाणी ओढलं जातं, आणि साखर तुटवडा असेल तिकडे जाते.

बफेलो ग्रास या हरळीसारख्याच धावत्या खोडांच्या गवतावरचं २००४ सालचं एक संशोधन यापुढचं सांगतं. जोडलेल्या रोपांची मुळं एकमेकांच्या दिशेने कमी वाढली. जोड तोडल्यावर तीच रोपं हळूहळू एकमेकांना परकी झाली. मुळात एकाच रोपाची, तरीही!

हरळीला गार्डन फोर्कच हवा, म्हणजे जाड दात्यांचा मोठा काटा. कडेने माती सैल करत आत जायचं, काशा न तोडता उचलायच्या, उन्हात कडकडीत वाळवायच्या. उपटणीचा उपयोग त्यानंतर होतो. राहून गेलेले बारीक तुकडे फुटले, की पानं मोठी होऊन साठा भरायच्या आत ते पटापट काढता येतात. तिथे ती खरंच भारी चालते.

बाकी, दांडा हलका आणि पकड छान. माती झटकायची स्प्रिंग मात्र चिकट मातीत अडकते. दर थोड्या वेळाने काडीने खरवडावी लागते, आणि ते वाकूनच करावं लागतं.

एकूण पाचपैकी तीन.