एनल ग्लँडसाठी इसबगोल आणि लाल भोपळा: बंड्यावर ८ महिने वापरल्यानंतरचा अनुभव

गेल्या गणपतीत दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, अगं सुकट कोणी उघडी ठेवलीये, घरात गणपती बसलेत ना! आता गणपतीत आमच्या घरात सुकट कुठून येणार. वास येत होता सोफ्यावरून, जिथे आमचा कुत्रा बंड्या झोपून उठला होता, आणि तिथे रुपयाएवढा ओलसर तपकिरी डाग पडला होता. ज्यांच्या कुत्र्याला एनल ग्लँडचा त्रास आहे त्यांना तो वास लगेच कळेल, सुकटीसारखाच पण जास्त कुबट, आणि कव्हर दोनदा धुतलं तरी जात नाही.

बंड्या म्हणजे बीगल, साडेपाच वर्षांचा. त्याआधी दोन महिने तो मधूनमधून बूड जमिनीला टेकवून फरपटत जायचा, शेपटीखाली सारखा चाटायचा, बसता बसता दचकून उठायचा आणि मागे वळून बघायचा. बिल्डिंगमध्ये ज्याला विचारावं तो म्हणायचा जंत झालेत, म्हणून मी जंताचं औषध एकदा दिलं, पंधरा दिवसांनी परत दिलं, काही फरक नाही. जंतांनी पण कुत्री बूड घासतात हे खरं आहे, विशेषतः पिसवांमुळे होणारे चपटे जंत असले तर, पण दोन डोस होऊनही घासणं थांबत नाही म्हटल्यावर मी तेव्हाच डॉक्टरकडे जायला हवं होतं. नाही गेले. सोफ्यावरच्या त्या डागानंतर दोन दिवसांत शेपटीखाली उजव्या बाजूला लाल सूज आली, हात लावू देईना, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे ती फुटली, रक्त आणि पू. त्याचं ते कण्हणं मला अजून ऐकू येतं.

डॉक्टरांनी काय समजावलं ते आधी सांगते, कारण त्याशिवाय इसबगोलचा काय संबंध ते कळणार नाही. कुत्र्याच्या शीच्या जागेच्या दोन्ही बाजूंना, घड्याळात ४ आणि ८ जिथे असतात साधारण तिथे, आतल्या बाजूला दोन छोट्या पिशव्या असतात, त्यांनाच एनल ग्लँड म्हणतात. त्यात वासाचं पातळ द्रव साठतं, त्या वासावरून कुत्री एकमेकांना ओळखतात, म्हणून भेटल्या भेटल्या मागे जाऊन हुंगतात. शी घट्ट आणि जाड असली की बाहेर पडताना त्या पिशव्या आपोआप दाबल्या जातात आणि थोडं थोडं द्रव निघून जातं. शी सारखी मऊ, पातळ असली की तो दाबच पडत नाही, द्रव आत साठून टूथपेस्टसारखं घट्ट होतं, बारीक नळी तुंबते, मग इन्फेक्शन, मग गळू, आणि मग आमच्याकडे झालं ते. जाड कुत्र्यांमध्ये हे जास्त होतं, आणि ज्यांना ॲलर्जी आहे त्यांच्यात तर वारंवार होतं.

आणि आमच्या बंड्याचं वजन साडेपंधरा किलो होतं! सकाळी दूध-पोळी, चहाच्या वेळी ग्लुकोज बिस्किटं, रात्री चिकन-भात, वर प्रत्येकाच्या ताटातलं काहीतरी. शी वर्षभर सैलच, आम्हाला वाटायचं त्याचं तसंच असतं.

गळू फुटल्यावर त्यांनी आजूबाजूचे केस काढले, सलाईनने जखम आतून धुतली, टाका घातला नाही कारण आतला पू वाहून जायला हवा, अँटिबायोटिक आणि कुत्र्यांसाठीचं दुखण्याचं औषध दिलं. (आपल्या घरातल्या क्रोसिन-ब्रुफेन अजिबात देऊ नका, कुत्र्यांना त्या विषारी ठरू शकतात.) बारा दिवस गळ्यात कोन, म्हणजे जखम चाटू नये म्हणून घालतात ती कॉलर. दिवसातून तीन वेळा कोमट पाण्यात स्वच्छ कपडा बुडवून दहा दहा मिनिटं शेक, हे काम माझ्या नवऱ्याने केलं, मांडीवर त्याचं डोकं घेऊन, एकही वेळ न चुकवता. जखम आपोआप भरून आली.

भरल्यावर डॉक्टर म्हणाले की आता खरं काम शीवर करायचं, दूध बंद, बिस्किटं बंद, वजन उतरवा आणि जेवणात फायबर घाला, इसबगोल किंवा लाल भोपळा. तर त्या दोन्हींचा हा अनुभव, सप्टेंबर अखेरपासून आत्ता मेपर्यंतचा.

इसबगोल म्हणजे आपलं मेडिकलमध्ये मिळतं ते साधं सत इसबगोल, नुसता भुसा. संत्र्याच्या चवीचं, साखर किंवा शुगर-फ्री घातलेलं आणायचं नाही, शुगर-फ्री मध्ये झायलिटॉल असलं तर कुत्र्याच्या जीवावर बेततं. सुरुवात पाव चमच्याने केली, दिवसातून एकदा, आठवड्याने अर्धा चमचा सकाळ-संध्याकाळ. हे प्रमाण बंड्याच्या वजनाला डॉक्टरांनी सांगितलेलं, तुमच्याला विचारून घ्या. सगळ्यात महत्त्वाचं, कोरडं कधीच टाकायचं नाही. अर्धा कप पाण्यात दहा मिनिटं भिजवायचं, त्याची खळ होते, मग जेवणात कालवायचं. कोरडं खाल्लं आणि पाणी कमी प्यायला तर घशात किंवा आतड्यात चिकटून अडकायची भीती. दुसरी गोष्ट, कुठलं औषध चालू असेल तर त्यात आणि इसबगोलमध्ये दोन तासांचं अंतर ठेवते, नाहीतर औषध नीट लागत नाही.

पहिले चार-पाच दिवस पोट गुडगुडलं, गॅस झाला, मी घाबरून बंद करणार होते पण फोनवर डॉक्टर म्हणाले प्रमाण कमी करा, बंद नको. दहाव्या दिवसापासून शी बघण्यासारखी झाली, म्हणजे खरंच, जाड, एकसंध, उचलताना कागदाला न चिकटणारी. फिरून आल्यावर घरात शी हाच विषय असायचा आणि तो दिवस आमच्यासाठी आनंदाचा होता. इसबगोलचं हे मला विशेष वाटतं की ते पाणी धरून ठेवतं, त्यामुळे सैल शी बांधली जाते आणि कडक झाली असेल तर मऊही होते. मध्ये मी उत्साहात एक चमचा करून बघितलं तर दिवसातून पाच वेळा शी, नुसता ढीग, परत अर्ध्यावर आले.

भोपळा म्हणजे लाल भोपळा, डांगर म्हणतात तो. साल आणि बिया काढून कुकरला वाफवायचा, मीठ नाही, फोडणी नाही, कांदा-लसूण तर नाहीच, ते दोन्ही कुत्र्यांना चालत नाहीत. दोन मोठे चमचे एका जेवणाला. आठवड्याचा एकदम वाफवून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवते, रोज दोन तुकडे काढायचे. चव त्याला प्रचंड आवडते, इसबगोलची खळ तो नुसती खात नव्हता, भोपळ्यात कालवली की ताट चाटून साफ. पण नुसत्या भोपळ्याने काम होतं का, तर आमच्याकडे नाही झालं. नोव्हेंबरमध्ये इसबगोल संपलं म्हणून आठ-नऊ दिवस फक्त भोपळ्यावर होतो तर शी परत सैलावली. भोपळ्याचा मोठा फायदा वेगळा आहे, पोट भरतं आणि कॅलरी कमी, त्यामुळे भात निम्मा केला तरी बंड्या भुकेला राहिला नाही. वजन आज १२.६ किलो आहे.

खर्चाचं म्हणाल तर इसबगोलचं शंभर ग्रॅमचं पाकीट दीडशे-दोनशेला येतं आणि आम्हाला महिनाभर पुरून उरतं. पेट शॉपमध्ये एनल ग्लँडसाठी म्हणून फायबरच्या गोळ्या मिळतात त्या पण आणल्या होत्या, एक डबी कित्येक पट महाग, आणि त्यात चिकन फ्लेवर. त्या चिकनचं पुढे सांगते.

डिसेंबरमध्ये शी एकदम उत्तम असताना बंड्या परत बूड घासायला लागला. माझा धीरच सुटला, रडले मी त्या दिवशी. या वेळी त्याच संध्याकाळी दवाखान्यात. ग्लोव्ह घालून बोट आत घालून त्यांनी दोन्ही पिशव्या रिकाम्या केल्या, इन्फेक्शन नव्हतं, पण त्यांनी पंजे आणि कान बघितले. पंजे चाटून चाटून केस गंजासारखे तांबडे झालेले, कान आतून लाल. म्हणाले ही ॲलर्जी आहे, सूज आल्यामुळे नळी तुंबतेय, नुसतं फायबर घालून हे थांबणार नाही. मग कशाची ॲलर्जी आहे ते शोधायला ८ आठवडे बंड्याने कधी न खाल्लेलं एकच प्रोटीन, आम्ही बासा मासा घेतला, काटे तपासून उकडलेला, भात आणि भोपळा, इसबगोल चालूच, बाकी एक कणही नाही. सासूबाईंनी ताटातला तुकडा द्यायचा मोह दोन महिने आवरला, त्यांच्यासाठी ते सोपं नव्हतं कारण बंड्या त्यांच्या पायाशीच बसतो. फेब्रुवारी संपेपर्यंत पंजे चाटणं बंद, कान गुलाबी. मार्चमध्ये डॉक्टरांच्या सांगण्यावरून चिकन परत देऊन बघितलं आणि चौथ्या दिवशी खाज सुरू. म्हणजे चिकन. तेव्हापासून घरात बंड्यासाठी चिकन बंद, चिकनवाली बिस्किटं आणि त्या गोळ्या पण बंद, आणि अडीच महिन्यांत एकदाही घासलेलं नाही.

आता एक राग आहे तो लिहितेच. आम्ही दर महिन्याला ज्या ग्रूमरकडे अंघोळीला न्यायचो तिथे अंघोळीबरोबर ग्लँड दाबून देणं पॅकेजमध्येच असायचं. गरज असो नसो, बाहेरून जोरात दाबायचे, बंड्या ओरडायचा, मला वाटायचं काळजी घेतायत. डॉक्टरांचं स्पष्ट मत आहे की त्रास नसताना दाबू नये, त्याने उलट आत सूज येते. आता मी अंघोळीच्या आधीच सांगते, तिथे हात लावायचा नाही. घरी व्हिडिओ बघून दाबणाऱ्यांना पण हात जोडून विनंती, सूज असेल तेव्हा दाबलंत तर पिशवी आतच फुटू शकते.

ऑपरेशनबद्दल पण विचारलं होतं. वारंवार होत राहिलं तर पिशव्या काढून टाकतात, पण जवळच शी रोखून धरणारे स्नायू आणि नसा असतात, त्यांना इजा झाली तर शीवरचा ताबा जाऊ शकतो, म्हणून अनुभवी सर्जनच हवा. आम्हाला वेळ आली नाही. आणि वयस्क कुत्रा असेल, तिथे एका बाजूला कडक गाठ लागत असेल, पाणी नेहमीपेक्षा खूप प्यायला लागला असेल तर इसबगोल वगैरे करत बसू नका, लगेच दाखवा, तिथे कॅन्सरची गाठही होऊ शकते.

माझं रेटिंग: इसबगोल पाचपैकी साडेचार, भोपळा साडेतीन, पेट शॉपच्या गोळ्या एक.

ज्यांची कुत्री इसबगोल तोंडातच घेत नाहीत त्यांनी भिजवताना पाण्याऐवजी उकडलेल्या माशाचं किंवा मटणाचं बिनमिठाचं पाणी वापरून बघा, जे त्याला सोसतं ते. आमच्याकडे पहिला आठवडा तसाच काढला, भोपळा नंतर आला.