६८ सॅक, एक रुकी आणि एनएफएल प्लस प्रीमियम: दोन सीझन वापरून लिहितोय

आधीच सांगतो, मी अमेरिकन फुटबॉलमधला जाणकार वगैरे अजिबात नाही. शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतो, क्रिकेट आणि कबड्डीवर वाढलेला माणूस, ऑफिसात सोमवारी सगळे बेअर्सवरच (शिकागोची टीम) बोलतात म्हणून बघायला लागलो आणि मग अडकलो ते अडकलोच. तर एनएफएल प्लस प्रीमियमचा (एनएफएल म्हणजे इथली फुटबॉल लीग, आणि हे तिचं पैसे भरून मॅच बघायचं ॲप) हा रिव्ह्यू माझ्यासारख्यांसाठी, ज्यांना गेम बऱ्यापैकी कळतो पण "लाइन (बॉल फेकणाऱ्याच्या पुढे उभी राहून त्याला वाचवणारी पाच माणसं) खराब आहे" म्हणजे नेमकं काय खराब आहे ते टीव्हीवर दिसत नाही.

घेतलं का ते सांगतो. १० नोव्हेंबर २०२४, सोल्जर फील्डवर पेट्रियट्सची मॅच, आपण १९-३ ने हरलो आणि आपला क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा) केलेब विल्यम्सला त्या दिवशी नऊ वेळा सॅक केलं, म्हणजे बॉल फेकायच्या आधीच पाडलं. नऊ! ड्राफ्टमध्ये (दर वर्षीची नवीन खेळाडूंची निवड) पहिल्या नंबरवर घेतलेला पोरगा, रुकी म्हणजे पहिल्याच सीझनचा, आख्खं शहर त्याच्या नावाची जर्सी घालून फिरतंय आणि तो आपला दर दुसऱ्या ड्राइव्हला (बॉल आपल्याकडे आला की सलग चालणारी खेळी) गवतावर पाठ टेकून आभाळाकडे बघतोय. दोनच दिवसांनी ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (आक्रमणाचा कोच) शेन वॉल्ड्रनला काढलं. ऑफिसात एक म्हणतो लाइन बेकार, दुसरा म्हणतो पोरगा बॉल धरून बसतो, तिसरा म्हणतो कोचच बेकार, आणि मला काय बोलावं ते सुचेना कारण मी बॉलकडे बघत होतो. टीव्हीचा कॅमेरा बॉलकडेच बघतो ना. त्यात आमचा तेव्हाचा टीव्हीचा प्रोव्हायडर (नाव नको, उगाच भांडण) चौथ्या क्वार्टरला हमखास अडकायचा, गोल गोल चक्र फिरत बसायचं. त्याच रात्री वैतागून प्रीमियम घेतलं, आधी एकच महिना.

यात पूर्ण मॅच परत बघता येते, जाहिराती आणि मधला टाइमपास कापून पाऊण तासाच्या आसपासची मॅचही असते, पण पैसे वसूल कशात तर ऑल-२२ मध्ये. म्हणजे कोच लोक जी फिल्म बघतात ती. उंचावरून बावीसच्या बावीस माणसं एका फ्रेममध्ये, आणि मग तोच प्ले एंड झोनच्या (मैदानाच्या टोकाचा पट्टा) मागून. आवाज नाही, कॉमेंट्री नाही, काही नाही. पहिल्यांदा लावलं तेव्हा बायको म्हणाली हे काय सीसीटीव्ही बघत बसलायस. दिसतं तसंच, खोटं कशाला बोलू.

पण तो एंड झोनचा अँगल म्हणजे सोनं आहे. क्वार्टरबॅकच्या पाठीमागून बघतोय असं वाटतं आणि समोर ती पाच माणसं दिसतात, मध्ये सेंटर, दोन बाजूंना गार्ड, त्यांच्या बाहेर टॅकल. आणि मग एकेक गोष्ट उलगडत जाते. मला वाटायचं सॅक म्हणजे कुणीतरी कुणालातरी ढकलून आत घुसला, ताकदीचा खेळ. तसं असतं कधी कधी, पण बऱ्याचदा नसतं. डिफेन्सचे दोघं आपापसात जागा बदलतात, आतला बाहेर आणि बाहेरचा आत, याला स्टंट म्हणतात. तेव्हा गार्ड आणि टॅकलने आपापला गडी न बोलता एकमेकांच्या हवाली करायचा असतो. कबड्डीत कॉर्नर आणि कव्हर हात धरून साखळी करतात आणि रेडर एकाने सोडला तर दुसऱ्याने घ्यायचा, अगदी तसंच. एक सेकंद जरी दोघं एकाच गड्याकडे गेले की दुसरा मोकळा, आणि क्वार्टरबॅकचा रविवार संपला. आता पेट्रियट्सच्या मॅचला बेअर्सचे दोन्ही नेहमीचे टॅकल दुखापतीने बाहेर होते, म्हणजे साखळीचे दोन्ही टोकाचे हात नवीन. हे मला आधीही वाचून माहीत होतं, पण बघितल्यावर पोटात गोळा आला.

आता दुसरी बाजू, आणि याच्यासाठीच मी हे सगळं लिहायला बसलो. माझा पोरगा आठ वर्षांचा, इथली पोरं अंगणात फुटबॉल खेळताना "वन मिसिसिपी, टू मिसिसिपी" मोजतात आणि मगच बॉलवाल्याच्या अंगावर धावतात. तो माझ्या मांडीवर बसून फिल्मवर मोजायला लागला. स्नॅप झाला (सेंटरने बॉल मागे क्वार्टरबॅककडे दिला) की वन मिसिसिपी, टू मिसिसिपी, आणि साधारण अडीचच्या आसपास बॉल हातातून गेला पाहिजे असा ढोबळ हिशोब. केलेबच्या कितीतरी प्लेला आमचं चार मिसिसिपी व्हायचं, लाइनने तीन सेकंद नीट अडवलेलं असायचं, वरच्या अँगलमध्ये एक रिसीव्हर (बॉल झेलणारा) चक्क एकटा उभा दिसायचा, आणि हा आपला मागे मागे सरकत, गोल फिरत, काहीतरी मोठं करायच्या नादात. कॉलेजात हे चालून गेलं कारण तिथे तो सगळ्यांपेक्षा चपळ होता, इथे डिफेन्सिव्ह एंडसुद्धा (डिफेन्सच्या लाइनच्या टोकाचे धिप्पाड गडी) धावतात. मी ज्याच्यावर ओरडत होतो तो लेफ्ट टॅकल बिचारा आपलं काम करून उभा होता हो. म्हणजे सीझनचे ६८ सॅक सगळे लाइनच्या नावावर टाकले तर तो अन्याय, आणि सगळे पोराच्या नावावर टाकले तर तोही अन्यायच, कारण जो पोरगा महिनाभर मार खातो तो चांगल्या पॉकेटमध्येही (लाइनने अडवून ठेवलेली मोकळी जागा) बिचकायला लागतो. पाय थांबत नाहीत. नजर रिसीव्हरवरून खाली येऊन समोरच्या गर्दीवर जाते. हे फिल्मवर बघता येतं, आकड्यात येत नाही.

थँक्सगिव्हिंगची डेट्रॉइटची मॅच तर मी चार वेळा बघितली. हाफला १६-० ने मागे, तिथून २३-२० पर्यंत आणलं पोरानं, शेवटच्या मिनिटाला फील्ड गोलच्या (लाथ मारून मिळणारे तीन पॉइंट) टप्प्यात, आणि तिथे झेडेरियस स्मिथने सॅक केला. घड्याळात ३२ सेकंद आणि एक टाइमआउट शिल्लक. आणि कुणीही टाइमआउट घेत नाही! वरच्या अँगलमधून बघा एकदा, अकरा माणसं हळूहळू उठून परत लाइनवर येतायत, जसं काही अजून पाच मिनिटं आहेत, आणि स्नॅप होतो तेव्हा ६ सेकंद उरलेले. लांब बॉल टाकला, पडला, खेळ खल्लास. दुसऱ्या दिवशी हेड कोच मॅट एबरफ्लूसची नोकरी गेली, बेअर्सच्या इतिहासात सीझनच्या मध्यात हेड कोच काढायची ती पहिलीच वेळ. आवाज नसल्यामुळे ते ३२ सेकंद जास्तच भयाण वाटतात.

एकदा ही सवय लागली की बाकीच्या टीमच्या जुन्या गोष्टी पण वेगळ्या दिसायला लागतात. ह्यूस्टनचा डेव्हिड कार, २००२ साली नवीन टीमचा पहिला पिक, रुकी सीझनला ७६ सॅक, तो रेकॉर्ड अजून कुणी मोडला नाहीये. टेक्सन्सने (हीच ह्यूस्टनची टीम) एक्सपान्शन ड्राफ्टमध्ये (नव्या टीमने बाकीच्या टीमचे खेळाडू निवडायचे) टोनी बोसेली घेतला होता, हॉल ऑफ फेमचा लेफ्ट टॅकल, पण खांद्याच्या दुखापतीमुळे तो त्यांच्याकडून एकही मॅच खेळला नाही. उलट सिनसिनाटीचा क्वार्टरबॅक जो बरो बघा, २०२० ला रुकी असताना नोव्हेंबरमध्ये गुडघा गेला, सगळे म्हणाले आता लाइनमन घ्या, पेनेई सूएल घ्या, आणि सिनसिनाटीने घेतला रिसीव्हर, जामार चेस. लोकांनी डोक्याला हात लावला. पुढच्या सीझनला बरो ५१ वेळा सॅक झाला, प्लेऑफमध्ये टेनेसीने एकाच मॅचला नऊ वेळा पाडला, तरी ती मॅच जिंकून गडी सुपर बोलमध्ये! तिथे मात्र सात सॅक आणि शेवटच्या प्लेला अॅरन डॉनल्डने धरून गरगर फिरवला. म्हणून सूएल की चेस यावर माझं अजून ठाम मत नाही, ऑफिसात मात्र मी दोन्ही बाजूंनी भांडतो.

बेअर्सने २०२५ ला काय केलं तर बेन जॉन्सनला कोच आणला आणि लाइनचा मधला भागच नवीन केला, कॅन्सस सिटीकडून जो थूनी, रॅम्सकडून जोना जॅक्सन, आणि सेंटरला ड्रू डॅलमन. केलेबचे सॅक ६८ वरून २४. डिव्हिजन (आपला चार टीमचा गट) जिंकली, २०१८ नंतर पहिल्यांदा. फिल्म बघितली तर नुसती लाइन सुधारलेली नाही, केलेब पण बॉल लवकर सोडतो, काही जमत नसेल तर बाहेर फेकून देतो. माझ्या पोराला आता तीन मिसिसिपीच्या पुढे फारसं जावं लागत नाही, कंटाळतो तो. (मागच्या सीझनचं लावूया का म्हणतो, आगाऊ.)

आता तक्रारी. मी घेतलं तेव्हा लोकल टीमची लाइव्ह मॅच फक्त फोन-टॅबवर होती, मोठ्या टीव्हीवर नाही, म्हणजे केबल किंवा अँटेना लागतोच, हे घ्यायच्या आधी नीट वाचा. ऑल-२२ मॅच संपल्या संपल्या येत नाही, थांबावं लागतं, सोमवारी सकाळी ऑफिसात भांडायला मटेरियल हवं असेल तर उपयोग नाही. आणि नवशिक्यासाठी समजावून सांगणारं काही नाही, कोण कुणाला अडवायला हवा होता हे आपणच शोधायचं. मी पहिले तीन आठवडे नुसता सेंटरकडे बघायचो, तो स्नॅपच्या आधी बोट दाखवून ओरडतो ना, तिथून सुरुवात करा, बाकीच्या चौघांची कामं त्या बोटावरून ठरतात.

पुण्याचा माझा भाऊ रविवारी रात्री साडेअकराला लाइव्ह लावून बसतो, त्याने विचारलं घेऊ का. तर त्याला सांगितलं की भारतात गेम पास (एनएफएलच्या मॅचचं परदेशातलं पॅकेज) DAZN नावाच्या ॲपवर असतो, ते पॅकेज वेगळं, माझा रिव्ह्यू त्याला लागू नाही. अमेरिकेत असाल आणि फक्त हायलाइट्स बघायच्या असतील तर घेऊ नका, फुकटात मिळतात. पण तुमच्या टीमने यंदा रुकी क्वार्टरबॅक लावला असेल तर घ्या. वर्षाचा प्लॅन महिन्या-महिन्याने भरण्यापेक्षा स्वस्त पडतो, मी मूर्खासारखा पहिला सीझन महिन्यानेच भरला.

पाचपैकी चार स्टार. पाचवा त्या फोन-टॅबच्या भानगडीसाठी कापला.