पलटणीच्या मेळाव्याचं पॅकेज: जेवण चोख, यादी कच्ची

पुण्यात वानवडी, घोरपडी, खडकी या पट्ट्यात माजी सैनिकांचे मेळावे पार पाडून देणारे बरेच आहेत. मूळ धंदा लग्नाचा. लग्नसराई नसलेल्या रविवारी हॉल रिकामा राहू नये म्हणून 'रियुनियन पॅकेज' निघालं. हे परीक्षण अशाच एका पॅकेजचं आहे: पायदळाच्या एका पलटणीतून निवृत्त झालेले जवान, जेसीओ (नायब सुभेदार, सुभेदार वगैरे) आणि अधिकारी, बहुतेक सपत्नीक, एकूण दोनशे माणसं, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मग चर्चा नावावरच होते आणि कामाचं बाजूला राहतं.

निकाल आधीच सांगून टाकतो. मंडप, जेवण आणि बस त्यांच्याकडे बिनधास्त द्या. नावांची यादी आणि श्रद्धांजलीचा कार्यक्रम मात्र त्यांच्या हातात अजिबात देऊ नका. पाचपैकी साडेतीन.

दर माणशी १,४५० रुपये. त्यात नाश्ता, जेवण, दोन वेळचा चहा, खुर्च्या-टेबलं, स्टेज, साउंड, स्टेशन आणि स्वारगेटहून बस, छातीवरचे बिल्ले, सन्मानचिन्हं आणि फोटो. हॉलचं भाडं वेगळं. दोनशे माणसांचे २,९०,००० झाले. कोटेशनमध्ये या सगळ्यावर सरसकट १८ टक्के जीएसटी लावला होता, म्हणजे ५२,२०० रुपये. इथे संघटनेच्या खजिनदाराने थांबायला हवं. व्यवस्थापनाच्या फीवर १८ टक्के ठीक, पण बाहेरून आणलेल्या जेवणावर केटररचं स्वतंत्र बिल संघटनेच्या नावाने घेतलं तर कर ५ टक्के पडतो. जेवणाचा वाटा माणशी ६५० धरला तर १,३०,००० वर ६,५०० आणि उरलेल्या १,६०,००० वर २८,८००, मिळून ३५,३००. जवळजवळ सतरा हजार वाचले. एवढ्यात दोनशे जणांच्या मटणाचा निम्मा खर्च तरी निघावा. कंपनीला हे माहीत असतं. विचारल्यावर लगेच बिल फोडून देतात, न विचारता नाही.

आता यादी, कारण सगळं घोडं तिथेच अडलं.

कंपनीची पद्धत अशी की व्हॉट्सॲपवर फॉर्मची लिंक पाठवायची आणि येतील ती नावं उतरवून घ्यायची. कॉलेजच्या गेट-टुगेदरला हे चालतं. पंचाहत्तरीच्या माणसाचा फॉर्म नातू भरतो आणि नावाच्या रकान्यात कधी कधी स्वतःचंच नाव टाकतो. फॉर्ममध्ये हुद्द्याला जागा नव्हती, त्यामुळे सगळे 'श्री' झाले. मानद कॅप्टन म्हणून निवृत्त झालेल्या माणसाच्या छातीवर 'श्री' लावणं म्हणजे त्याची अठ्ठावीस वर्षं पुसणं. दुसऱ्या टोकाला बिल्ल्यांच्या पुढच्या खेपेत 'श्री सुभेदार' असंही छापून आलं. नुसतं 'सुभेदार' पुरे असतं.

सर्वांत मोठी चूक दिवंगतांच्या यादीत झाली. साताऱ्याकडच्या पलटणीत शिंदे, जाधव, पवार डझनाने सापडतात आणि एकाच गावचे, एकाच नावाचे दोघेही सापडतात. ओळख पटवणारी एकच गोष्ट म्हणजे सर्व्हिस नंबर, आणि तो रकानाच नव्हता. दोघांपैकी एक गेलेला, फोटो दुसऱ्याचा लागला. श्रद्धांजलीच्या एलईडी पडद्यावर जे गृहस्थ हार घातलेले दिसत होते, ते तिसऱ्या रांगेत पोह्यांची बशी हातात धरून बसले होते. ते हसले. शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी हसल्या नाहीत, आणि नंतर जेवायलाही थांबल्या नाहीत.

म्हणून यादी संघटनेनेच करावी, कंपनीला फक्त छापायला द्यावी. रकाने एवढे हवेत: सर्व्हिस नंबर, निवृत्तीच्या वेळचा हुद्दा, नाव, पलटणीतली कंपनी (अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा की हेडक्वार्टर), भरती आणि निवृत्तीचं साल, गाव-तालुका, पत्नीचं नाव, दोन फोन (एक स्वतःचा, एक मुलाचा), शाकाहारी की मांसाहारी, आणि जिने चढता येतात का. तालुक्याला एक माणूस नेमून त्याने फोन करायचे, लिंक पाठवायची नाही. दिवंगत म्हणून नाव घालण्याआधी दोघांकडून खात्री, त्यातला एक त्याच्या घरचा. पंधरा दिवस आधी यादी बंद. छापायला जाण्याआधी पलटणीचे निवृत्त हेड क्लार्क असतील तर कागद त्यांच्या पुढ्यात ठेवा. वेलांटीची चूकसुद्धा सुटत नाही.

बिल्ल्यावर नाव देवनागरीत आणि अक्षर किमान सव्वा सेंटिमीटर उंच. चाळीस वर्षांनी भेटलेला माणूस आधी चेहरा बघतो, मग चोरून बिल्ला. त्याला खिशातला चष्मा काढायला लावू नये. नावाखाली पलटणीतली कंपनी आणि साल, जसं 'चार्ली, १९७८–९८'. या एका ओळीमुळे अनोळखी माणसंही बोलायला लागतात. बसायची टेबलंही पलटणीतल्या कंपनीनुसार लावावीत. व्यवस्थापकांनी ती पैसे भरल्याच्या क्रमाने लावली होती. अर्ध्या तासात सगळ्यांनी खुर्च्या उचलून आपापली माणसं गाठली आणि वाढप्यांना वाट उरली नाही.

नोंदणीची वेळ साडेनऊ छापली होती. फौजी माणूस साडेनऊच्या कार्यक्रमाला साडेआठला येतो. पावणेनऊला दारात साठ माणसं आणि टेबलावर कुणीच नाही. आठ वाजता टेबलं मांडलेली हवीत, पन्नास माणसांमागे एक, इंग्रजी अक्षरांनुसार न लावता पलटणीतल्या कंपनीनुसार. इंग्रजीत एकाच आडनावाची दोन-तीन स्पेलिंगं होतात आणि माणूस रांगा बदलत फिरतो.

लष्करी हद्दीतला हॉल असेल तर गेटचं प्रकरण वेगळं. गाड्यांचे नंबर आणि येणाऱ्यांची नावं आधी द्यावी लागतात, माजी सैनिकाचं ओळखपत्र बरोबर लागतं. हे सगळ्यांना ठाऊक असतं. अडतं ते केटररच्या पोरांपाशी. त्यांचीही नावं आणि आधारच्या प्रती द्याव्या लागतात, आणि केटरर वाढपी रोजंदारीवर आणतो. यादीत दिलेली पोरं शनिवारी रात्रीच्या लग्नात अडकतात, सकाळी दुसरीच येतात आणि गेटवर उभी राहतात. गॅसच्या टाक्यांची नोंदही आधीच करून घ्यावी. या कंपनीने तीन जादा नावं आधीच देऊन ठेवली होती आणि ती कामी आली. इथे त्यांना पूर्ण गुण.

बसचं कामही चांगलं. एसटीत पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत, ६५ ते ७५ ला निम्मं भाडं आणि बायकांनाही निम्मं. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत २०२० पासून बंद. त्यामुळे सातारा, सांगली, कोल्हापूरकडची मंडळी आता एसटीनेच येतात आणि स्वारगेटला उतरतात. गाडी स्टेशनवर एक, स्वारगेटला दोन अशी हवी. कंपनीने हे स्वतःहून सुचवलं. बसची पहिली पायरी उंच असते, तिथे ठेवायला लाकडी पाट होता आणि हात द्यायला माणूस होता.

जेवण उत्तम. दोनशेपैकी दीडशे मांसाहारी धरून ३५ किलो मटण, म्हणजे माणशी सव्वादोनशे-अडीचशे ग्रॅम कच्चं. भात आणि भाकरी-चपाती दोन्ही असल्याने तांदूळ २० किलो. चहाचा कप दीडशे मिलीचा धरला तर एका फेरीला तीस लिटर. बिनसाखरेचा वेगळ्या थर्मासात, त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेला. पाण्याचे २० लिटरचे वीस जार. मटण नीट मुरवून मऊ शिजवलं होतं, आणि कवळी असलेल्यांना याचं मोल विचारा. रस्सा दोन तऱ्हेचा, एक झणझणीत, एक बेताचा. वाढपी वीस माणसांमागे एक. पंगत नको, बुफे नको. टेबलावर आणून वाढावं, कारण ताट हातात धरून रांगेत उभं राहणं गुडघे बदललेल्यांना जमत नाही. जेवण पावणेएकला सुरू झालंच पाहिजे, मधुमेहाच्या गोळ्या भाषणांसाठी थांबत नाहीत.

संध्याकाळच्या पेल्याचा विषय कोटेशनमध्ये 'बार काउंटर' म्हणून येतो. लष्करी कॅन्टीनच्या कोट्यातल्या बाटल्या जमवून काउंटर लावायचा नाही. हवाच असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा एक दिवसाचा परवाना काढा. दिवसाच्या मेळाव्यात हा विषय नसला तरी चालतं, आणि बायकोसमोर तर बऱ्याच जणांना नसलेलाच बरा वाटतो.

श्रद्धांजलीत कंपनी साफ उघडी पडली. बोलणाऱ्याच्या स्टँडला तिरंगी कापड गुंडाळलं होतं. राष्ट्रध्वज असा गुंडाळता येत नाही, २००२ च्या ध्वजसंहितेत स्पष्ट मनाई आहे. तीन रंगांचं साधं कापड असलं तरी फौजी डोळ्याला ते खुपतंच. बिगुल वाजवणारा मिळाला नाही म्हणून लास्ट पोस्ट, म्हणजे श्रद्धांजलीची बिगुलाची धून, रेकॉर्डवर वाजवायची ठरली, आणि ती साउंडवाल्याच्या फोनवरून. दोन मिनिटांच्या शांततेत त्याच फोनवर मेसेजची घंटी वाजली, मोठ्या स्पीकरमधून, दोनदा. उपाय फुकटचा आहे: फाइल पेनड्राइव्हवर घ्या आणि थेट मिक्सरला लावा. क्रम लास्ट पोस्ट, शांतता, मग राऊज ही बिगुलाची दुसरी धून. हा कागदावर लिहून साउंडवाल्याच्या हातात द्या आणि आदल्या दिवशी एकदा वाजवून बघा.

पुष्पचक्र मार्केट यार्डातून पहाटे आणलं होतं, ताजं होतं, पण अडीच फुटांचं आणि ओलं. ऐंशीच्या माणसाला ते उचलून चालत जाता येत नाही. दोन तरुणांनी धरून न्यावं, ज्येष्ठांनी हात लावून ठेवावं. घोरपडीजवळच्या लष्कराच्या दक्षिण कमांडच्या युद्धस्मारकावर, म्हणजे पुणेकरांच्या वर्गणीतून १९९८ मध्ये उभ्या राहिलेल्या स्मारकावर जायचं असेल तर आधी पत्र द्या आणि अर्धीच माणसं येतील असं धरा. सकाळी दोनदा बसमध्ये चढ-उतार सगळ्यांना झेपत नाही.

वीरपत्नींना पहिली रांग, हे कंपनीने पाळलं. पण काउंटरवरच्या मुलीने एका वीरपत्नीला 'पदकं डावीकडे लावा' असं सांगितलं. ज्याने मिळवली तो डावीकडे लावतो, त्याच्या मागे घरचे उजवीकडे. नोंदणीच्या टेबलावर पलटणीतला एक तरी माणूस बसवाच.

त्यांच्या एका कल्पनेचं मनापासून कौतुक: पेन्शनच्या अडचणींचं टेबल. लॅपटॉप, चालू इंटरनेट, अंगठ्याचं यंत्र, आणि 'स्पर्श' हे लष्करी पेन्शनचं पोर्टल हाताळता येणारे दोघे. सर्वांत लांब रांग तिथेच. निम्म्या अडचणी नावाच्या: रेकॉर्डमध्ये 'शांताबाई', आधारवर 'शांता', आणि म्हणून कुटुंब निवृत्तिवेतनाला उद्या खोळंबा. नवरा हयात असतानाच हे सुधारून घेणं सोपं. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्डही सोबत आणायला आमंत्रणातच लिहा; कुणाला अचानक योजनेच्या यादीबाहेरच्या रुग्णालयात न्यावं लागलं तर ४८ तासांच्या आत योजनेच्या पॉलिक्लिनिकला कळवावं लागतं. रुग्णवाहिका पॅकेजमध्ये नव्हती, ती जादा घ्यावी.

तारखेबद्दल. कंपनी हटकून १४ जानेवारी सुचवते, कारण तो माजी सैनिक दिन. फील्ड मार्शल करिअप्पा १९५३ मध्ये त्या दिवशी निवृत्त झाले. पण त्याच दिवशी बहुधा संक्रांत असते आणि वाण सोडून घरची बाई पुण्याला येत नाही. ती नाही म्हणजे तोही नाही. मराठा लाइट इन्फंट्रीची मंडळी असतील तर ४ फेब्रुवारीच्या आसपासही नको, तेव्हा त्यांची पावलं बेळगावकडे वळतात. फेब्रुवारीतला मधला रविवार, संकष्टी-एकादशी टाळून, सर्वांत बरा.

पैसे ४०-४०-२० असे द्या. शेवटचे २० टक्के फोटो हातात आल्यावरच; इथे फोटो एकोणीस दिवसांनी आले आणि सामूहिक फोटोत मागच्या रांगेचे चेहरे कापलेले होते, कारण दीडशे माणसांना दोनच पायऱ्यांची बाकं आणली होती. तीन पायऱ्या लागतात आणि ज्येष्ठ पुढे खुर्च्यांवर. आणि करारात एक ओळ स्वतः घालून घ्या: मेळावा झाल्यावर फोन नंबरांची यादी कंपनीने पुसून टाकायची. पेन्शन येणाऱ्या दोनशे माणसांचे नंबर म्हणजे प्लॉट आणि विमा विकणाऱ्यांना घबाड. या मेळाव्यानंतर पंधरवड्यात ताम्हिणीकडच्या एनए प्लॉटचे फोन सुरू झाले, आणि विकणाऱ्याने एकाला नावाबरोबर हुद्दाही बरोबर सांगितला, बिल्ल्यावर कंपनीला जो जमला नव्हता तो.