आधी आराखडा की थेट लेखन? पहिली कादंबरी आणि तिची प्रसिद्धी

पहिली कादंबरी हाती घेणाऱ्याला दोन प्रश्न पडतात. कथानक आधी बांधून घ्यावं का? आणि वाचकांना कधीपासून सांगायला लागावं? दुसऱ्याचं उत्तर बरंचसं पहिल्यात दडलेलं असतं. लिहायची रीत ठरायच्या आत जाहीर करायला सुटणारे बहुधा मध्येच अडकतात.

आराखडेवाल्यांचा हिशोब सरळ असतो. 80,000 शब्दांची कादंबरी, प्रसंग साधारण 2,000 शब्दांचा, म्हणजे 40 प्रसंग. प्रत्येकाचं एक कार्ड आणि कार्डावर तीन ओळी: कोणाला काय हवंय, आडवं कोण येतंय, शेवटी काय बदललं. खरी परीक्षा तिसऱ्या ओळीची. ‘मुलगी घरविक्रीचे कागद आणते, वडील सही टाळतात’ यात काहीच बदललं नाही. भांडण कितीही रंगलं तरी गोष्ट जागची हललेली नाही. ‘वडील सही करतात, पण मुद्दाम चुकीची तारीख घालतात’ असं केलं की पुढचा प्रसंग आपोआप तयार होतो. मग शेजारशेजारच्या कार्डांमध्ये ‘म्हणून’ किंवा ‘पण’ बसतो का ते पाहायचं. नुसतं ‘मग’ बसत असेल तर ती घटनांची यादी झाली.

या रीतीत बिघडतं ते पात्रांच्या बाबतीत. कार्डावर लिहिलंय म्हणून नायिका शहर सोडून जाते, तिच्या स्वभावात तसं काही नसताना. योगायोग वाढले, कोणी ना कोणी दाराआडून बोलणं ऐकू लागलं, की समजावं आराखडा पात्रांच्या मानगुटीवर बसलाय. अशा वेळी कार्ड बदला, पात्र वाकवू नका. दुसरा धोका साधाच: आराखडाच महिनोन्महिने चालतो. तीन आठवडे पुरेत.

थेट लिहिणाऱ्याची सुरुवात स्वस्तात होते. किंमत नंतर मोजावी लागते. एक माणूस, एक अडचण, आणि लेखन सुरू. भाषा टवटवीत राहते, कारण पुढे काय होणार हे लेखकालाही ठाऊक नसतं. पण वीस-तीस हजार शब्दांच्या आसपास गाडी रुतते. पात्रांची ओळख करून देऊन संपलेली असते आणि मागे घेता येणार नाही असा निर्णय अजून कोणीच घेतलेला नसतो. इथे बहुतेक जण पहिलं प्रकरण घासूनपुसून चकचकीत करायला परत जातात आणि तिथेच राहतात. त्यापेक्षा पुढच्याच पानावर कोणालातरी तसा निर्णय घ्यायला लावा. मागचं काही बदलायचं असेल तर समासात ‘इथून सख्खा नव्हे, मावसभाऊ’ एवढी नोंद करून पुढे चला.

पहिला खर्डा झाला की उलटा आराखडा काढायचा: प्रकरणाला एक ओळ, शेजारी तारीख, वार, पात्रांचं वय आणि कोणतं गुपित कोणाला कळलंय. गरोदरपण अकरा महिने चालल्याचं इथेच सापडतं. गोष्ट खरी सुरू होते तिसऱ्या प्रकरणात, हेही पुष्कळदा इथेच दिसतं. पंधरा-वीस हजार शब्द टाकायची तयारी हवी. ती नसेल तर ही रीत तुमच्यासाठी नाही.

स्वतःचा कल ओळखायचा तर शेवट एका वाक्यात लिहून बघा. लिहिता आला आणि तरीही लिहायची उत्सुकता टिकली, तर आराखडा करा. शेवट कळताच रस संपला तर थेट लिहा. रहस्यकथा मात्र याला अपवाद: गुन्हा कोणी, कधी, कसा केला हे तरी आधी ठरवलेलंच बरं.

आता प्रसिद्धी. क्रमशः प्रकाशनाचा मोह दोघांनाही होतो, पण परवडतो एकालाच. एकोणिसाव्या शतकातले इंग्रज कादंबरीकार डिकन्स बहुतेकदा मासिक हप्त्यांनी लिहीत. 1846 पासूनच्या त्यांच्या बहुतेक मासिक हप्त्यांची टिपणं उपलब्ध आहेत: कागदाच्या डाव्या बाजूला स्वतःलाच विचारलेले प्रश्न आणि त्यांची ‘हो’, ‘नाही’, ‘अजून नाही’ अशी उत्तरं, उजव्या बाजूला प्रकरणं. त्यांच्याच काळातले इंग्रज कादंबरीकार ट्रोलप यांची तऱ्हा वेगळी. शेवट काय होणार हे लिहायला बसताना ठाऊक नसतं, असं ते सांगत. समोर घड्याळ ठेवून 15 मिनिटांना 250 शब्द लिहीत. पण शेवटाशी जुळेल अशी सुरुवात बदलायची मुभा हातची जाऊ नये, म्हणून पूर्ण झाल्याखेरीज छापायला द्यायचं नाही, हा त्यांचा नियम. तो मोडायची वेळ आली तेव्हा त्यांना ते रुचलं नव्हतं.

तेव्हा आराखडा असेल तर किमान दहा प्रकरणं हाताशी ठेवून आठवड्याला एक द्या. मात्र त्याआधी प्रकाशकाचे नियम वाचा. अनेक प्रकाशक आणि स्पर्धा पूर्वप्रकाशित मजकूर घेत नाहीत. थेट लिहिणाऱ्यांनी कादंबरीतलं काहीच देऊ नये. विषयाभोवतीचं द्यावं: जमवलेली माहिती, त्याच पात्राची स्वतंत्र लघुकथा.

दोघांनीही वाचकांच्या पत्त्यांची ई-मेल यादी पहिल्या दिवसापासून जमवावी. समाजमाध्यमावरचे अनुयायी त्या कंपनीच्या मर्जीवर असतात, यादी तुमची असते. महिन्याला एक पत्र पुरतं. दर पत्रात ‘विकत घ्या’ आलं की लोक नाव काढून घेतात. परीक्षणासाठीच्या प्रती प्रकाशनाआधी सहा ते आठ आठवडे पाठवा, सोबत मलपृष्ठाचा मजकूर जोडा: 150 शब्दांच्या आत, दोनच पात्रांची नावं, अडचण स्पष्ट, शेवट झाकलेला. ‘हृदयस्पर्शी’, ‘अंतर्मुख करणारी’ ही विशेषणं परीक्षकासाठी सोडा.